आर्द्रता पंचावन्न टक्के

मैमुना, तुझा व्हिजा बारा दिवसांचा.
मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं:
किल्ला संध्याकाळी, ऊन उतरल्यावर,
दुपारी त्याच्या भिंती तव्यासारख्या.
मग मोती-व्यापाऱ्याचं घर, मग हलव्याचं दुकान
(बघण्यासारखं काही नाही, पण पंख्याखाली बसू देतात),
आणि शेवटी माझं म्युझियम.

माझं म्हणजे काय,
अकरा वर्षं मी त्यात मागच्या दाराने जातो.
गच्चीवर चिलर, छताच्या पोटात नळकांडी,
आणि काचेआडच्या प्रत्येक पेटीत एक बारका आकडा:
पंचावन्न.
त्रेपन्न झाला की फोन वाजतो,
अठ्ठावन्न झाला की साहेब स्वतः येतात.
लाकूड तडकतं, शिडाला बुरशी धरते.
बाहेर मुहर्रकची हवा एवढी ओली
की दोरीवरचा शर्ट सकाळपर्यंत वाळत नाही,
आणि आत मी
कधीच्या मेलेल्या पाणबुड्यांचे सदरे कोरडे ठेवतो.

तू समोरच्या दाराने तिकीट काढलंस.
एक दिनार. मनातल्या मनात गुणलंस,
"सव्वादोनशे? बिनवासाच्या समुद्राचे?"

नाकाची चिमटी बघितलीस. पायाला बांधायचा दगड.
बोटांवर चढवायची चामड्याची टोपणं.
मी सांगत होतो, खाली गेलेल्याचा दम सरला
की तो दोरीला हिसका देतो,
वरचा त्याला ओढून घेतो.
तू बराच वेळ दोरीच बघत राहिलीस.
आपलीही होती एक,
दोन मिस्ड कॉल म्हणजे पैसे टाकले,
तीन म्हणजे उचल, काहीतरी झालंय.
तिसऱ्याला मी दोनदाच उचलू शकलो.
"वर दोरी धरणारा कोण होता,
त्याचं नाव कुठे लिहिलंय?"
पाटी दोन भाषांत होती. नव्हतं.

तेवढ्यात काउंटरवरून मारिसेलची हाक,
"मिस्टर नाखवा! आज सुट्टीच्या दिवशी?"
आणि बाकावरचा म्हातारा काठी टेकत उभा राहिला.
"नोखदा?"
मी म्हणालो, नाही चाचा, एसीवाला.
त्याला ते ऐकायचंच नव्हतं.
बाप? बाप बाणकोटच्या खाडीत तरीवर.
मग झालं तर, म्हणाला, आणि माझा हात
दोन्ही हातांत धरून विचारलं,
तुमच्याकडे पहाटे वारा कुठून येतो?

मला वारा माहीत आहे तो जाळीतून येणारा,
बावीस डिग्री, मंद.
मी तुझ्याकडे बघितलं.
तू ओढणी सावरलीस आणि आपल्या बोलीत सांगितलंस,
पहाटे मतलई, उन्हं चढली की खारा.
मी भाषांतर करायला तोंड उघडलं
तर म्हातारा आधीच मान हलवत होता,
"मतला, मतला,"
आणि काठीने पूर्व दाखवत होता,
थेट स्वच्छतागृहाच्या दिशेने.

मग शाळेची पोरं आली, चाळीसएक,
काचेला नाकं लावून.
छपन्न.
माझा हात खिशातल्या फोनकडे गेला.
तूही वाकून मोत्यांच्या तराजूवर
एक श्वास सोडलास, मुद्दाम असावा,
काच धुरकटली.
सत्तावन्न.
मी सुट्टीवर होतो.

जाताना तुला मागचं दार दाखवलं.
नळ, झाडू, गार्डची केटली,
भिंतीवर माझ्या हातचे अकरा वर्षांचे आकडे, पेन्सिलीने.
बाहेर चिलरचा उष्ण झोत अंगावर आला
आणि ओढणी पार तोंडावर.
"हा कुठला?" विचारलंस आतूनच.